रस्ता कुणाच्या रानातून?

जयपूरचं आमचं विद्याधर नगर आधी कागदावर आखलं गेलं, मग वसलं. आखणारे बाळकृष्ण दोशी जन्माने पुण्याचे, त्याचा आम्हा मराठी मंडळींना उगाच अभिमान. पण त्या आखीव रेघांखाली पूर्वी कुणाचं काय होतं, ते सेक्टर-नंबरच्या पत्त्यात उमटत नाही. इजिप्तचे दिग्दर्शक युसुफ शाहीन यांचा 'अल-अर्द' हा चित्रपट पाहताना हे डोक्यात घोळत राहिलं. तिथलं भांडणही एका रेघेचंच. १९३०च्या दशकातलं इजिप्तमधलं खेडं. पाण्याची पाळी दहा दिवसांवरून पाचवर आलेली, आणि जमीनदाराच्या वाड्याकडे जाणारा रस्ता शेतकऱ्यांच्या रानातून काढायचा घाट घातलेला.

१९७०मध्ये कान महोत्सवात दाखवलेला हा चित्रपट अब्दुर्रहमान अश-शरकावी यांच्या १९५४च्या कादंबरीवरचा. त्या कादंबरीच्या पुढच्याच वर्षी आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी आली. शरकावींचा निवेदक कैरोहून सुट्टीला गावी येणारा मुलगा, माडगूळकरांचा नोकरीवर आलेला तरुण मास्तर. गाव सांगणारे दोघेही येऊन-जाऊन असणारे. अमोल पालेकरांनी 'बनगरवाडी' पडद्यावर आणताना मास्तर राखला. शाहीन यांनी मात्र मुलाचं निवेदन काढून टाकलं.

मला दोघांचंही पटतं. बनगरवाडी दुष्काळाने मोडते. जाब विचारायला समोर कुणी नाही, माणसं निघून जातात, तेव्हा सांगायला कुणीतरी मागे हवा. 'अल-अर्द'मधला अन्याय करणारा मात्र चांगला नावागावाचा आहे. तिथे मध्ये हळवा पाहुणा बसवला असता तर धार गेली असती.

ती धार अबू सुवैलममध्ये आहे. महमूद अल-मिलीगी हा एरवी खलनायकीसाठी गाजलेला नट, इथे म्हातारा शेतकरी झालाय. कोठडीत त्याच्या मिशा भादरतात. मारापेक्षा ते बघवत नाही. शेवटी त्याचे पाय बांधून घोड्यामागे फरफटत नेतात. तो हाताला येईल ते कापसाचं झाड धरतो, सुटलं की बोटं मातीत रुतवतो. संगीताच्या गजरात हे जरा लांबतं, पण शाहीन यांना ते माफ.

'बनगरवाडी' जवळची वाटणाऱ्यांनी 'अल-अर्द' जरूर पाहावा. अरबी येत नसलं तरी अडत नाही. पाण्याच्या पाळीवरून बांधावर जुंपलेलं भांडण मराठी माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.