वाघावरची मुलगी

नवरात्र जवळ आलं की दिल्लीत शेरावाली सगळीकडे दिसू लागते. जागरणाच्या मंडपाच्या कमानीवर, ई-रिक्षाच्या पाठीवर, आमच्या नोएडातल्या वाण्याच्या कॅलेंडरवर. आठ हात, हातांत शस्त्रं, खाली पिवळाधमक वाघ, आणि देवीच्या चेहऱ्यावर कसला म्हणून ताण नाही. वाघावर बसणं तिला दिवाणावर बसण्याइतकं सोपं. हे चित्र डोळ्यांत इतकं मुरलेलं, की ‘प्रियाज शक्ती’ या कॉमिकमधली वाघावर बसलेली प्रिया पहिल्यांदा पाहिली तेव्हा नजर उरलेले सहा हात शोधत राहिली. प्रियाला दोनच हात आहेत. शस्त्र एकाही हातात नाही.

या प्रियाचं मूळ दिल्लीच्या रस्त्यावरचं. १६ डिसेंबर २०१२च्या रात्री मुनीरकाच्या थांब्यावरून एक मुलगी बसमध्ये चढली आणि पुढे काय झालं ते अख्ख्या देशाला ठाऊक आहे. त्या कडाक्याच्या थंडीत रायसीना हिलकडे निघालेल्या पोरापोरींवर पाण्याचे फवारे मारले गेले. त्या दिवसांत राम देविनेनी हा अमेरिकेतला भारतीय वंशाचा चित्रपटकर्ता दिल्लीत होता. चांगल्या घरची मुलगी रात्रीची एकटी फिरत नाही, अशा अर्थाचं काहीतरी एक पोलीस त्याला म्हणाला. त्या वाक्याने तो अस्वस्थ झाला. त्यातून २०१४मध्ये हे पुस्तक आलं. चित्रं डॅन गोल्डमनची.

बसमधल्या त्या मुलीचं नाव छापायला कायद्याची मनाई. म्हणून तिला ‘निर्भया’ केलं गेलं. हेतू चांगलाच होता. पण फिजिओथेरपी शिकणाऱ्या तेवीस वर्षांच्या पोरीला त्या रात्री भीती वाटली नसेल? तिची भीतीसुद्धा आपण आदराने काढून घेतली, असं मला वाटत आलंय. प्रियाची भीती मात्र या पुस्तकाने तिच्यापाशी राहू दिली आहे.

खेड्यातली मुलगी, तिला शिक्षिका व्हायचंय. वडील शाळा सोडायला लावतात. गावातले पुरुष तिच्यावर अत्याचार करतात, घरचे तिलाच बोल लावतात आणि ती रानात पळते. मागावर वाघ. तिची हाक पार्वतीपर्यंत पोचते. पार्वती तिच्या रूपाने गावात जाते, मग शंकराचा कोप, माणसांना शाप, देवांची लढाई, कालीचं उग्र रूप, आणि पुस्तकाचा मधला मोठा भाग देवच खाऊन टाकतात. इथे मी दर वेळी वैतागते. अहो, जिची गोष्ट सांगताय ती पोरगी कुठाय?

ती परतते तेव्हा पुस्तकात पुन्हा जीव येतो. वाघापासून पळायची ती थांबते, वळते, त्याच्यासमोर उभी राहते. माझी चौदा वर्षांची भाची ते पान उलटताना म्हणाली, “मावशी, देवीने हिला निदान एक तलवार तरी द्यायची ना!” तिचं म्हणणं मला कळतं. दिल्लीत संध्याकाळी सातनंतर मेट्रोच्या बायकांच्या डब्यातून उतरून रिक्षा शोधणाऱ्या कुणालाही ते कळेल. पण तलवार मिळाली असती तर प्रिया देवीचीच धाकटी आवृत्ती झाली असती. देवी तिला मंत्र देते. ती वाघावर बसून त्याच गावात जाते आणि बोलते. पुढे वाघाचं नाव ‘साहस’ असं येतं. म्हणजे धैर्य काही हिच्या अंगात ठासून भरलेलं नाही. ते चार पायांचं आहे, गुरगुरतं, आणि त्याला हाताळावं लागतं.

२०१६च्या ‘प्रियाज मिरर’मध्ये अहंकार नावाच्या राक्षसाच्या ताब्यात अडकलेल्या, ॲसिडने भाजलेल्या बायका आहेत. त्यातल्या एकीमागे लक्ष्मी अगरवाल आहे. पंधरा वर्षांची असताना, २००५मध्ये, तिच्यावर खान मार्केटमध्ये ॲसिड फेकलं गेलं. कारण एवढंच, की दुप्पट वयाच्या माणसाला तिने नकार दिला होता. पुढे ती सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २०१३मध्ये न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीला लगाम घातला. तिच्यासारख्यांच्या हातात प्रिया आरसा देते. चेहरा लपवायचा नाही, हाच माझा, असं म्हणायला कुठलं शस्त्र उपयोगी पडणार होतं?

त्यानंतर प्रियाला उसंत नाही. २०१९मध्ये देहव्यापारात ढकललेल्या मुलींची सुटका, २०२०मध्ये कोविड आणि मास्क. विषय सगळे मोलाचे. पण दर खेपेला एक नवी मोहीम पाठीवर, त्यात तिचं स्वतःचं काय उरलं? कोविडच्या पुस्तकात तिला पाकिस्तानी कार्टूनमधली ‘बुरका ॲव्हेंजर’ भेटते. ही बुरखेवाली एरवी शाळेत शिकवते, आणि लढते ती पुस्तकं नि पेनं घेऊन. तिथे मला हटकून प्रियाची सुटलेली शाळा आठवली. पुढच्या पुस्तकात राक्षस नको, साथ नको, घोषणाही नको. गावात प्रियाची शाळा भरू दे, पाढे चुकणाऱ्यांवर ती ओरडू दे, आणि वाघामुळे पालक तक्रार घेऊन आले तर तेही तिचं तिलाच निस्तरू दे.