छत्र्यांच्या शहरात



मे महिन्याच्या सुट्टीत मी हाँगकाँगला जाऊन आले! विमानानं नव्हे हं, एका पुस्तकाचं बोट धरून. ‘सिटी ऑन फायर’, म्हणजे ‘पेटलेलं शहर’, हे त्या पुस्तकाचं नाव. लेखक अँटनी डॅपिरन हे ऑस्ट्रेलियाचे वकील. पुष्कळ वर्षं ते हाँगकाँगमध्ये राहिले. २०१९ साली तिथल्या लोकांनी लोकशाहीसाठी आंदोलन केलं, तेव्हा ते रस्तोरस्ती हिंडले आणि २०२० साली हे पुस्तक आलं. चला, तुम्हीही या माझ्याबरोबर.

आधी नकाशा उघडा. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर बोट ठेवा. इकडं कौलून, तिकडं हाँगकाँग बेट, मध्ये समुद्राची चिंचोळी पट्टी. पलीकडं जायला स्टार फेरीच्या बोटी. या फेरीची सुरुवात कुणी केली असेल? मुंबईहून तिकडं गेलेल्या दोराबजी नौरोजी या पारशी गृहस्थांनी! बेटावर उतरलं की दुमजली ट्राम आणि मान मोडून बघाव्यात अशा उंच इमारती. तिथंच अ‍ॅडमिरल्टी नावाचा भाग आहे. सरकारी कचेऱ्या इथल्याच. आपण इथं जरा थांबू.

हे बेट १८४२ पासून इंग्रजांकडे होतं. १ जुलै १९९७ ला सगळं शहर चीनकडे गेलं. पुढची ५० वर्षं तुमची न्यायालयं, तुमचं स्वातंत्र्य पूर्वीसारखंच राहील, असं वचन चीननं दिलं. शहराचा प्रमुख शेवटी सर्वांच्या मतानं निवडला जावा, असंही तिथल्या मूळ कायद्यात लिहिलेलं होतं. पण २०१४ साली बीजिंगहून निर्णय आला : मत सगळ्यांनी द्या, उमेदवार मात्र दोन किंवा तीनच आणि तेही एका समितीनं पसंत केलेले!

विद्यार्थी रस्त्यावर आले. पोलिसांनी डोळ्यांची आग करणारा फवारा मारला, अश्रुधूर सोडला. मुलांजवळ काय होतं? साधी छत्री! तीच त्यांनी पुढं धरली. म्हणून ते ‘छत्री आंदोलन’. ७९ दिवस चाललं. अ‍ॅडमिरल्टीच्या हमरस्त्यावर तंबू लागले, अभ्यासासाठी टेबलं मांडली गेली. एका जिन्याची भिंत तर हजारो रंगीत चिठ्ठ्यांनी भरून गेली. शेवटी सगळं हटवलं गेलं.

२०१९ साली नवं विधेयक आलं. त्यामुळं आरोपींना खटल्यासाठी चीनच्या मुख्य भूमीत पाठवता आलं असतं. १६ जूनला अफाट मोर्चा निघाला. मध्येच एक रुग्णवाहिका आली आणि एवढी गर्दी दोन्हीकडं सरकली, गाडीला वाट मिळाली! ऑगस्टमध्ये लोकांनी हातात हात धरून शहरभर साखळी केली, सिंहखडक नावाच्या डोंगरावरही दिवे घेऊन उभे राहिले. सप्टेंबरात शाळकरी मुलांनी आपापल्या शाळांबाहेर तशाच साखळ्या केल्या.

सगळंच असं सुंदर नव्हतं, बरं का. पुढं लाठ्या आणि रबरी गोळ्या चालल्या, आंदोलकांकडूनही पेट्रोलबाँब फेकले गेले, तोडफोड झाली. ऑक्टोबरात विधेयक मागं घेतलं गेलं. पण ३० जून २०२० ला राष्ट्रीय सुरक्षेचा कडक कायदा आला. अनेकजण तुरुंगात गेले, अनेकांनी शहर सोडलं. सार्वजनिक वाचनालयांतून काही पुस्तकंसुद्धा काढली गेली.

शाळा सुरू झाल्यावर हे सगळं मी चौथीच्या वर्गात सांगितलं. एका मुलीनं विचारलं, “बाई, मग जिंकलं कोण?”

मी खडू हातात घेऊन नुसती उभी राहिले. मागितलेली निवडणूक तर मिळाली नाही. भिंतीवरच्या चिठ्ठ्याही गेल्या. म्हटलं, “बाळा, जिंकलं कोण ते मला सांगता येत नाही. पण काय घडलं ते सांगता येतं, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलंय.”

एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, पण आपल्या वर्गातही तसंच असतं की! वर्गप्रमुखासाठी तीन नावं तुम्हीच फळ्यावर लिहिता, मग आम्ही हात वर करतो.”

सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण खरं सांगू? चांगलाच चिमटा बसला. नऊ वर्षं मी तसंच करत होते. हुशार, शांत मुलांची नावं लिहायचे आणि त्याला निवडणूक म्हणायचे!

दुसऱ्या दिवशी मी फळा कोरा ठेवला. ज्याला उभं राहायचंय त्यानं येऊन आपलं नाव लिहावं, असं सांगितलं. अकरा नावं आली. त्यातलं एक अशा मुलाचं होतं, जो वर्षभर वर्गात एक अक्षर बोलला नव्हता.

तुमच्या वर्गात नावं कोण लिहितं?