पाण्यातली रास

पाण्यात पाण्याचाच थेंब वेगळा कसा राहील? अनुवादासाठी आलेल्या एका विज्ञानलेखाने हा प्रश्न माझ्यापुढे टाकला.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. अशा साखळ्या कोणत्या कोनांत वळू शकतात याचा नकाशा 1963 साली मांडणारे जी. एन. रामचंद्रन पुढे इथेच, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. एका साखळीवर धन भार, दुसरीवर ऋण असेल, तर पाण्यात त्या एकमेकींना ओढतात आणि पाण्यासकट गोळा होतात. थेंब होतो, पण त्याला भिंत नसते. अमिनो आम्लांचा क्रम बदलून कोणते रेणू आत शिरतील, आतली रासायनिक प्रक्रिया वेग घेईल की मंदावेल, हे बरंचसं ठरवता येतं. मीठ वाढलं, की भार झाकले जातात आणि थेंब विरतो.

1929 साली दोन डच रसायनज्ञांनी याला ‘कोॲसर्व्हेट’ म्हटलं. मुळाशी लॅटिनमधला ढिगाचा शब्द. मी ‘रास’ लिहिलं. खळ्यातल्या राशीलाही भिंत नसते.

नातेवाईक म्हणतात, घरात फक्त मराठीचा नियम करा. माझी मुलगी कन्नडात खेळते, इंग्रजीत भांडते, ठेच लागली की ‘आई गं’ म्हणते. नियमाची भिंत मला नको; ओढ हवी. पण मीठही रोज वाढतंय. म्हणून रात्री एक गोष्ट मराठीत, आणि तिने मध्येच विचारलेल्या कन्नड शब्दालाही तिथे जागा.