जमिनीचं काय झालं?

महाराष्ट्र दिनाला शाळेत सेनापती बापटांवर बोलायचं मी ठरवलं होतं. बापट आमच्या शेजारच्या पारनेरचे, जन्म 1880 चा. आदल्या शनिवारी काष्टीचा बाजार भरलेला, रस्ता जनावरांच्या टेम्पोंनी तुंबलेला. मग घरीच बसलो आणि पडवीत शेंगा फोडणाऱ्या आजीला भाषण वाचून दाखवलं.

शिष्यवृत्तीवर विलायतेला गेले, पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या मिळवली, परतल्यावर भूमिगत राहिले. आजीनं मान वर केली नाही. मुळशीचं नाव आलं तसा तिचा हात थांबला. मुंबईला वीज हवी म्हणून टाटा कंपनी मुळशी पेट्यात धरण बांधत होती. मावळ्यांची भातखाचरं बुडणार होती. 1921 च्या रामनवमीला शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’.

“मंग जमिनीचं काय झालं?”

आजीचं माहेर घोड धरणात गेलंय. आमचा ऊस त्याच धरणाच्या पाण्यावर उभा आहे, आणि हे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

“गेली,” मी म्हणालो. सावकार-जमीनदार मोबदल्याकडे वळले, कुळं एकटी पडली. 1924 मध्ये बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली, सात वर्षांची सजा भोगली. धरण झालंच.

“हरलेल्याला सेनापती म्हनत्यात व्हय?”

सेनापती हे नाव लोकांनी त्यांना मुळशीच्याच लढ्यात दिलं, आणि मला ते तिथंच सर्वांत शोभतं असं वाटतं. पारनेरचे रस्ते हा माणूस स्वतः झाडत असे. पंच्याहत्तरीला टेकल्यावर, 1955 मध्ये, गोव्याच्या सत्याग्रहाला गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही उतरला. मराठी राज्य मागणारे पुढारी पुष्कळ होते. पण कुळाच्या खाचरासाठी तुरुंगात जाऊन आलेला माणूस ते मागतो, तेव्हा त्या राज्यात कुळाचीही जागा धरलेली असते. हे मी आजीला माझ्या परीनं सांगितलं. तिनं शेंगांचं सूप पुढं ओढलं.

“मुळशीचं आधी सांग. विलायत मागनं.”

भाषण मी तसंच केलं. संपल्यावर नववीतल्या एका मुलानं विचारलं, घोडमध्ये कोणकोणती गावं गेली? त्याला आजीकडे घेऊन आलो. तिनं आधी आपलं माहेर सांगितलं, मग वाड्यावस्त्या, मग कुणाचा मळा कुठं होता ते. तो वहीत उतरवून घेत होता.