पकड कोणाची?

कबड्डीचा सामना संपला की सर्वांच्या तोंडी नाव असते ते चढाई करणाऱ्याचे. त्यानंतर कोणाला आठवण झालीच, तर पकडी करणाऱ्याचे. परंतु ज्याने एकही पकड न करता प्रतिस्पर्ध्याला हात हलवीत परत पाठवले, त्याचे नाव गुणपत्रिकेत नसते आणि म्हणून चर्चेतही नसते. तर मग बचाव करणाऱ्या गड्याची पारख करायची कशी?

आमच्या दिग्गीकडे भातकापणी झाली की मोकळ्या शेतात रेषा आखल्या जातात. मराठी शाळेत असताना आम्ही ‘चढाई’ म्हणत असू. पुढे कन्नड मित्रांकडून ‘दाळी’ हा शब्द मिळाला. शब्द दोन, पण कौतुक दोन्हीकडे त्या एकाच गड्याचे!

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर. निदानरेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर आणि बोनसरेषा तिच्यापुढे एक मीटरवर. चढाईला वेळ ३० सेकंद. प्रतिस्पर्धी जितका आत येईल तितकी त्याची परतीची वाट लांब. कोपरारक्षक घोट्यावर झडप घालतो, ते सर्वांना दिसते. पण त्याआधीच मध्यरक्षकाने दोन पावले सरकून मधली वाट बुजवलेली असते, म्हणूनच प्रतिस्पर्धी कोपऱ्याकडे वळलेला असतो. गुण मात्र कोपरारक्षकाच्या खात्यावर जमा!

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्याला रोखण्यासाठी बचावाच्या पहिल्या फळीमागे ‘लाइनबॅकर’ उभे असतात. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. धावणाऱ्याला एका यार्डावर पाडले काय किंवा आठ यार्डांवर पाडले काय, नोंदीत पकड एकच. म्हणून जाणकार नुसत्या पकडी मोजत नाहीत. लाइनबॅकरने नेमून दिलेली फट सोडली का, आडव्या आलेल्या गड्याला झटकले का, धावणाऱ्याला आपल्या सोबत्याच्या तावडीत ढकलले का, हे ते पाहतात.

आपणही तसेच पाहिले पाहिजे. प्रतिस्पर्ध्याच्या हाताच्या हुलकावणीला गडी फसतो, की त्याच्या कमरेकडे आणि पायांकडे नजर ठेवतो? सोबती येण्याआधीच उतावीळपणे झेपावतो का? साखळीचा हात सुटू न देता सरकतो का? आणि दुसऱ्याने घोटा धरल्यावर पाठीमागून जोर लावायला पोहोचतो का? प्रो कबड्डीत तर ओळीने दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. तेव्हा तिसऱ्या चढाईतल्या पकडीचे श्रेय पहिल्या दोन रिकाम्या पाठवणाऱ्यांनाही नको का?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. टळलेला तोटा जमाखर्चात कुठेच लिहिला जात नाही, पण जाणता व्यापारी तो मनात धरून असतो. आमच्या भागातल्या एका मध्यरक्षकाला एका निवड चाचणीत वगळले गेले. कारण काय, तर दोन सामन्यांत एकच पकड! त्याच्यासमोर किती चढाया रिकाम्या गेल्या, हे कोणी लिहूनच ठेवले नव्हते. खेळाच्या प्रमाणपत्रावर पुढेमागे नोकरी मिळेल, अशी त्याच्या घरच्यांना आशा होती. आता तो बागायतीत मजुरीला जातो. चुकीच्या मोजमापाची किंमत कोण मोजतो, ते यावरून कळावे.

उपाय काही फार खर्चाचा नाही. गुणपत्रिकेत आणखी दोन रकाने आखावेत: एक रिकाम्या चढायांचा, दुसरा वाट अडवणाऱ्याच्या नावाचा. लिहायला एक जागरूक विद्यार्थी पुरे. आंतरवर्गीय सामन्यांपासूनच सुरुवात करता येईल. आणि प्रेक्षक मित्रहो, आपण तरी एवढे करू या: पुढच्या सामन्यात चढाई करणाऱ्यावरची नजर थोडा वेळ काढून मध्यरक्षकाच्या पायांवर ठेवू या. पकड कोणाची, हे तिथे आधीच ठरलेले दिसेल.