भरल्या ताटावर उपाशी

आम्ही मूळचे वसईचे. मासळीशी आमचे नाते बाजारापासून पानापर्यंतचे. कल्ले उघडून पापलेट ताजे की शिळे ते सांगावे, बोंबील उन्हात टांगावेत, पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकट डब्यात भरावी, एवढेच आमचे मत्स्यज्ञान. मासा पाळायचाही असतो, आणि तोही खाऱ्या पाण्यातला, डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, हे आमच्या वाडवडिलांपैकी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. ते आमच्या नातवाच्या मनात आले.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालेले. आमच्या लहानपणी मुंबई पाहायला जाणे म्हणजे राणीची बाग आणि हे मत्स्यालय. २०१५ साली नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडले, तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही नातवाला तेथे घेऊन गेलो. तो आठव्या वर्षात होता. एका काचेपुढे तो जो उभा राहिला तो हलेचना. परतीच्या गाडीत त्याने विचारले, "आजोबा, आपल्या घरी समुद्र ठेवता येईल का?" निवृत्तीनंतर आमच्याकडे वेळ भरपूर होता आणि नकार देण्याची सवय सुटत चालली होती. आम्ही 'पाहू' म्हणालो. मुलांच्या कानाला 'पाहू' हा शब्द 'हो' असाच ऐकू येतो.

ठाण्याला, तलावपाळीपासून हाकेच्या अंतरावर, आमचे एक स्नेही राहतात. आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी अनेक वर्षे नांदते आहे. सल्ला विचारायला गेलो, तर त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्हाला मासा पाळायचा आहे की पाणी?" आम्ही गोंधळलो. ते म्हणाले, "आधी पाणी पाळायला शिका. पाणी जगले तर मासा जगेल."

तीन फुटांची टाकी आली. तिच्यात सुमारे १९० लिटर पाणी मावते. सौ.ने सुचवले, "वसईहून कॅन भरून समुद्राचे पाणी आणू." स्नेह्यांनी मान हलवली. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले, आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरलेला असतो. "मग मिठागराचे मीठ?" आम्ही विचारले. मिठागरे पाहत आम्ही वाढलो, पण त्यांचे एक गुपित आम्हाला त्या दिवशी कळले. मीठ गोठते तेव्हा समुद्राचे मॅग्नेशियम बरेचसे मागच्या कडू पाण्यातच राहते. आपण घरी आणतो ते मीठ म्हणजे समुद्राचा एक अंश. माशाला समुद्र पुरा लागतो. तेव्हा त्यासाठी खास बनवलेले मीठ आणले, गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने विरघळवले, आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ भरेपर्यंत सौ.ने पाक पाहावा तशा काळजीने ते पुनःपुन्हा तपासले.

नातवाला समुद्रघोडा हवा होता. स्नेह्यांनी समजावले की समुद्रघोडे आणि प्रवाळ यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते विकत घेणे तर सोडाच, मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही टाकीत सजावटीला नको. म्हणून भट्टीत भाजलेले सच्छिद्र दगड आणले, आणि स्नेह्यांनी आपल्या टाकीतला जुना स्पंज पिळून त्याचे गढूळ पाणी आमच्या स्वच्छ पाण्यात ओतले. आम्हाला ते पाहवेना. पण त्या गढूळपणातच सारे मर्म होते. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते मासा बऱ्यापैकी सोसतो. हे अदृश्य कामकरी दगडांत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडायचा नाही.

टाकी भरली तो २०१६ सालच्या राखेच्या बुधवारचा आठवडा होता. त्यामुळे आमच्या घराने त्या वर्षी दोन उपवासकाळ पाळले. नातू रोज शाळेतून येऊन रिकाम्या पाण्यापुढे बसे. शेजारी येत आणि विचारत, "मासे कुठे आहेत?" ईस्टर झाला, पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट शून्य भरले, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या विदूषक माशांची जोडी घरी आली. हे मासे सोशीक, शिवाय समुद्रातून न पकडता पैदास केलेले मिळतात. केरळातील विळिंजम येथे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या केंद्रात त्यांची पैदास यशस्वी झालेली आहे. जोडी रमली, हातून दाणे खाऊ लागली. इथे थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

जून महिन्यात नातवाचा नववा वाढदिवस आला. एका दुकानात त्याने मँडरिन पाहिला. बोटभर मासा, निळ्या अंगावर नारिंगी लाटा, जणू कोणी रेशमावर भरतकाम केले आहे. बहुतेक प्राण्यांचा निळा रंग हा प्रकाशाचा खेळ असतो, पण या माशाच्या पेशींत खराखुरा निळा रंग असतो, आणि असे प्राणी जगात अगदी थोडे आहेत. त्याला खवले नसतात, अंगावर बुळबुळीत थर असतो. हे सारे आम्ही मागाहून वाचले. त्या क्षणी आम्ही दुकानदाराला एवढेच विचारले, "हा काय खातो?" तो म्हणाला, "सगळे खातो." ठाण्याला एक फोन करायचा होता. तो आम्ही केला नाही. वाढदिवस त्याच दिवशी होता, आणि तीन महिन्यांच्या यशाने आम्हाला आपण जाणकार झालो असे वाटू लागले होते.

मँडरिन दिवसभर दगडांवरून हळूहळू फिरे आणि मधूनच काहीतरी टिपे. आम्ही समाधान मानले. पण आम्ही टाकलेल्या अन्नाला तो तोंड लावीना. दाणे टाकले, कोळंबी बारीक चिरून टाकली, गोठवलेले किडे आणले. ते त्याच्या तोंडापुढून खाली पडत आणि विदूषक मासे येऊन फस्त करीत. तीन मुले वाढवलेल्या सौ.चा आजवर एकाही हट्टी जेवणाऱ्याने पराभव केला नव्हता. तीही हताश झाली. दुसऱ्या आठवड्यात त्याचे पोट आत गेलेले दिसू लागले.

मग आम्ही फोन केला. स्नेही भर पावसात लोकलने आले, टाकीपुढे पाच मिनिटे न बोलता बसले, आणि म्हणाले, "हा उपाशी आहे." फिलिपाइन्स, इंडोनेशियाच्या उथळ समुद्रातला हा जीव. दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळंबीच्या कुळातले किडे, दिवसभर शेकड्यांनी टिपणे हेच त्याचे जेवण. पडलेले अन्न ते अन्न आहे हे सहसा त्याला उमगतच नाही. आमच्या तीन महिन्यांच्या दगडांवरचे किडे त्याने केव्हाच संपवले होते. मुरलेल्या, भरपूर दगडांच्या टाकीतच तो जगू शकतो. आम्ही आर्टेमियाची अंडी बाटलीत हवा सोडून उबवली. दिवसाभरात पिले निघाली, त्यांतली काही त्याने टिपलीही, पण चपळ विदूषकांपुढे त्याचा पाड लागेना.

एकच उपाय होता, त्याला ठाण्याच्या टाकीत पाठवणे. नातू म्हणाला, "तो माझा आहे." आम्ही म्हणालो, "म्हणूनच."

जुलैतला एक रविवार. थर्माकोलचे खोके मांडीवर घेऊन आम्ही धीम्या लोकलमध्ये बसलो. शेजारी नातू, खोक्यावर हात ठेवून. मुंब्र्यापुढे खिडकीतून पावसाने भरलेली खाडी दिसली. समोरच्या गृहस्थांनी विचारले, "काय, मासळी का? कशी मिळाली?" आम्ही नुसतेच हसलो. नातू हसला नाही.

पाचव्या दिवशी ठाण्याहून फोन आला. स्नेह्यांच्या टाकीत तो पहिले तीन दिवस टिपत होता. पण शरीर आतून इतके झिजले होते की मिळालेले अन्न त्याला उपयोगी पडले नाही. स्नेही म्हणाले, "मुलाला मी सांगू का?" आम्ही म्हणालो, "नको."

रात्री जेवण झाल्यावर आम्ही नातवाला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "आपण त्याला मारले का?"

वाचकहो, या प्रश्नाची सोयीची उत्तरे आमच्याजवळ तयार होती. दुकानदार खोटे बोलला, मासा नाजूक होता, आपल्याला कुठे ठाऊक होते. ही सारी खरीच होती, आणि तरीही ती उत्तरे नव्हती. ठाऊक नव्हते हे खरे, पण ठाऊक असलेला माणूस एका फोनच्या अंतरावर होता. आम्ही म्हणालो, "हो बाळा. तू नाहीस. आम्ही. विचारायला हवे होते, आणि आम्ही विचारले नाही." सौ. पदराने डोळे पुसत आत गेली. नातू उठून आमच्याजवळ येऊन बसला. आजोबा चुकतात आणि ते कबूल करतात हे त्याने बहुधा प्रथमच पाहिले.

आज तो महाविद्यालयात आहे. टाकीचे पाणी दर आठवड्याला तोच बदलतो आणि मीठ तोच मोजतो. विदूषकांची जोडी अजून आहे. मध्यंतरी एका शेजाऱ्यांनी त्याला विचारले, "एवढी जुनी टाकी, आता तो निळा मासा का आणत नाहीस?" तो म्हणाला, "आधी त्याचे जेवण किती पुरेल ते पाहू." या 'पाहू'चा अर्थ 'हो' असा नव्हता, हे आम्ही दोघांनी ओळखले, आणि त्या रात्री जेवताना सौ.ने त्याच्या पानात तळलेल्या पापलेटचा मधला तुकडा वाढला.