मोटरीचा मेळ

रेडिओच्या लहरींवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांची शर्यत सुरू झाली, की पाहणाऱ्यांचे डोळे गाड्यांच्या रंगांवर, त्यांच्या वळणांवर आणि मागे उडणाऱ्या धुळीवर खिळून राहतात. ज्या वस्तूमुळे हा सारा खेळ घडतो, ती मात्र गाडीच्या पोटात दडून बसलेली असते. ती म्हणजे मोटर. मुठीत सहज मावणारा तिचा देह. दोन चुंबके, तांब्याच्या तारेची वेटोळी आणि एक पोलादी दांडा, एवढाच तिचा संसार. पण ह्या इवल्याशा संसारामागे दोनशे वर्षांचा उद्योग उभा आहे.

१८२१ साली मायकेल फॅरडे ह्याने पाऱ्याच्या भांड्यात एक चुंबक उभा केला, त्याच्याजवळ एक तार टांगली आणि तीतून वीज सोडली. तार चुंबकाभोवती गरगर फिरू लागली! विजेने हालचाल घडविता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करीत असता तेथील पुस्तके वाचून त्याला विज्ञानाची गोडी लागली. पुढे १८९८ साली निकोला टेस्ला ह्याने न्यूयॉर्क येथे एक लहानशी नाव पाण्यात सोडली आणि दुरून, तारेवाचून, रेडिओच्या लहरींनी तिला हवी तशी वळविली. आजच्या खेळगाडीची ती आजीच म्हणावयाची.

वसई-विरारच्या मुलांना मोटर ही काही परकी वस्तू नव्हे. पूर्वेकडील कारखान्यांतून ती यंत्रे फिरविते, लोकल गाडीखाली बसून ती हजारो माणसांना मुंबईस नेते आणि पश्चिमेकडील वाड्यांतून ती केळीला, भाजीला आणि फुलझाडांना पाणी देते. वाडीतील विहिरीवर एके काळी बैलांचा रहाट फिरत असे. त्याची जागा विजेच्या पंपाने घेतली. परंतु पंप विकत घेताना जाणता शेतकरी आधी विहिरीचा झरा पाहतो. झरा बारीक आणि पंप दांडगा, असे झाले तर घटकाभरात विहीर कोरडी पडते आणि पंप नुसती हवा ओढीत बसतो. मोटरीची निवड म्हणजे काय, हे त्या शेतकऱ्याला पुस्तकावाचून कळलेले असते.

वसईच्या एका औद्योगिक वसाहतीत जळलेल्या मोटरी भरून देणारा, म्हणजे त्यांतील तार नव्याने गुंडाळून देणारा, एक वयस्क कारागीर होता. त्याच्या दुकानी एके दिवशी विरारची एक बारा वर्षांची मुलगी आपली खेळगाडी घेऊन आली. मैत्रिणींच्या आणि भावंडांच्या शर्यतीत तिची गाडी नेहमी शेवटची येई. कधी तर वाटेतच अडून बसे. दोन भाऊबिजांची ओवाळणी आणि खाऊचे साठविलेले पैसे तिने रुमालाच्या गाठीत बांधून आणले होते.

“काका, सर्वांत वेगवान मोटर कोणती?” तिने विचारले.

“गाडी पळवतेस कुठे, पोरी?”

“राजोडीच्या किनाऱ्यावर.”

“मग आधी वाळूला विचारू. मोटरीला नंतर विचारू.”

कारागिराने गाडी उलटी केली आणि चाकाला बोटाने एक झटका दिला. चाक अर्धा फेरा फिरून थांबले. आसाला केसांचा आणि दोऱ्यांचा गुंता बसला होता, सांध्यांत वाळू शिरली होती आणि आस ज्यांत फिरतो ती प्लास्टिकची कडी झिजली होती. तो म्हणाला, “तुझी मोटर दमलेली नाही. तिला कोणी चालूच देत नाही.”

मग त्याने तिला मोटरीचे मर्म समजावून सांगितले. गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे दिले, तर मोटर वेगाने फिरते. परंतु ती वीजही अधिक खाते आणि लवकर तापते. बारीक तारेचे पुष्कळ वेढे दिले, तर वेग कमी होतो, पण घट पुष्कळ वेळ टिकतो. मोटरीच्या दांड्यावरील दातेरी चाक लहान बसविले, तर गाडीचा वेग घटतो आणि ओढ वाढते. मोठे बसविले, तर वेग वाढतो आणि ओढ घटते. गुळगुळीत फरशीवर वेग शोभतो. पण वाळूत ओढच कामास येते.

“आणि ब्रशलेस मोटर?” मुलीने विचारले. तिच्या मनात तीच भरली होती.

साध्या मोटरीत कार्बनचे दोन ब्रश फिरत्या तांब्याला घासून वीज पोहोचवितात आणि घासता घासता झिजतात. ब्रशलेस मोटरीत हे घर्षण नसते. तिच्यावर एक आकडा दिलेला असतो. तो ३००० असेल, तर ओझे नसताना दर व्होल्टमागे ती मिनिटाला ३००० फेरे घेते, ७.४ व्होल्टच्या घटावर २२,२०० फेरे! परंतु तिला तिच्याच जातीचा वेगनियंत्रक लागतो, पुरेशी वीज देणारा घट लागतो आणि तो वेग सोसणारी दातेरी चाकेही लागतात. “चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला,” असे म्हणून कारागीर हसला. लिथियमचा घट वडील माणसांच्या देखतच भरावा आणि फुगलेला घट कधीही वापरू नये, हेही त्याने बजावले.

त्या दिवशी मुलीने मोटर घेतली नाही. तिने आसांसाठी बेअरिंगे आणि एक लहान दातेरी चाक घेतले. गाठीतले पुष्कळसे पैसे तसेच राहिले. पुढच्या शर्यतीत एका गाडीची नवी, दांडगी मोटर वाळूत तापून बंद पडली. मुलीची गाडी पहिली आली नाही, दुसरी आली. पण प्रथमच ती कोठे न अडता शेवटपर्यंत धावली. काही महिन्यांनी जुन्या मोटरीचे ब्रश झिजले, तेव्हा तिने थोड्या कमी वेढ्यांची मोटर निवडली. ह्या वेळी तिने दुकानदाराला वेग विचारला नाही. ती किती वीज खाईल आणि आपला वेगनियंत्रक ती सोसेल काय, हे विचारले.

थोरामोठ्यांच्या कारभारातही हाच न्याय आहे. विरारपर्यंत विजेची लोकल १९३६ साली आली. तेव्हा वरच्या तारेत १५०० व्होल्टची दिष्ट वीज असे आणि गाड्यांच्या मोटरी ब्रशच्या असत. पुढे २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आणावयाचे ठरले. पण केवळ मोटरी बदलून ते काम होणार नव्हते. तारा, वीजकेंद्रे आणि गाड्या, सारेच बदलावे लागले. मधली काही वर्षे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या वापराव्या लागल्या. २०१२ साली पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर हा बदल पुरा झाला. आजच्या नव्या लोकलखाली ब्रश नसलेल्या थ्री-फेज मोटरी फिरतात. त्या जातीच्या मोटरीचे पेटंट १८८८ साली ज्याने मिळविले, तो रेडिओवर नाव चालविणारा टेस्लाच होय!

बळ सर्वांनाच हवेसे वाटते. परंतु चाके, आस, घट आणि खालची जमीन ह्यांच्याशी ज्याचा मेळ नाही, ते बळ उष्णता होऊन वाया जाते. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपले वाडवडील सांगत आले. त्यात पाय आखडून बसण्याचा उपदेश नाही. आधी अंथरूण नीट पाहावे, एवढेच त्यात सांगितले आहे. ज्याने ते पाहिले, त्याची साधी मोटरही वाळूतून वाट काढते.